कळकलेलं

तीन वर्षं आम्ही इंगवले काकींशी बोललो नाही.
भिंत सामाईक. ओल आमच्या अंगाला,
त्यांची मोरी पलीकडं.
मग दोष कुणाचा हे विचारायचं काय त्यात?
मी वॉर्ड ऑफिसात अर्जसुद्धा दिला,
दोन प्रतींत, पोच घेऊन.

मंगळवारी बाबालाल मिस्त्रीनं फरशा उडवल्या.
छिन्नीचा तिसरा घाव, चौथा,
गिलाव्याचा ढपला बादलीत पडला
आणि आत जे दिसलं
ते मला आधी शेवाळ वाटलं.

नळी होती. तांब्याची.
अंगभर निळं-हिरवं पीठ, मोरचुदासारखं,
जागोजाग फोड,
आणि एका फोडातून थेंब
सावकाश,
घाई नसलेल्या माणसासारखा.

"ताई, तांबं हाय की हे!
आता कोण घालतंय भिंतीत तांबं?"

कोण घालतंय.
अण्णांनी घातलं.
उद्यमनगरातल्या बर्फाच्या कारखान्यातली मोडीत निघालेली नळी
सायकलच्या कॅरिअरला बांधून उत्तरेश्वर पेठेपर्यंत आणली,
मागून तिचं टोक रस्त्याला घासत होतं म्हणे.
रविवारभर अंगणात वाकवत बसले,
आत वाळू ठासून, दोन्ही तोंडांना खुंट्या मारून,
कारण वाळू नसली की तांबं वळणावर चेपतं.
आई म्हणाली, बंब आहे की चांगला.
अण्णा म्हणाले, लोखंड सडतं. हे नातवंडं बघंल.

बाबालालनं नळीला बोट लावलं, नाकाशी नेलं,
मग फरशांच्या सांध्यांकडं बघत राहिला.
"ॲसिड मारताय काय फरशीला?"
"मारतो की. दर दिवाळीला."
"किती वर्सं?"

मी मोजलं नाही.
आई गेली त्या वर्षापासून धरलं तरी एकोणीस.
नाकाला पदर, हातात काथ्याचा कुंचा,
पांढरा धूर, आणि मग ती फरशी!
पाहुणे म्हणायचे, बाथरूम बघावं तर तुमचं.
सांध्यासांध्यांतून ते आत उतरत होतं,
गिलाव्यात, विटेत,
अण्णांच्या त्या रविवारापर्यंत.

कल्हई गेलेल्या पातेल्यात ताक राहिलं
तर आई जिभेला बोट लावून सांगायची:
कळकलं. ओत मोरीत.
पातेल्याला कधी बोल लावला नाही तिनं.
ताकालाही नाही.
ज्यानं ठेवलं त्याच्याकडं नुसतं बघायची.

सांधे मात्र शाबूत होते.
अण्णांनी स्वतः झाळलेले, तिन्ही.
बाबालाल म्हणाला, "हात होता हो म्हाताऱ्याला,"
आणि करवत लावली.

तेवढ्यात भिंतीतून आवाज आला.
खरंच भिंतीतून. पलीकडची वीट ढिली झाली होती,
बोटभर फट पडलेली.
"सापडलं काय?"
बाबालालनं माझ्याकडं बघितलं. मी नळीकडं.
"सापडलं," तो म्हणाला. "ह्यांचीच नळी हाय."
पलीकडं भांडं ठेवल्याचा आवाज.
"मी तवाच म्हटलो हुतो."
बराच वेळ काही नाही.
मग, जरा लांबून, "मिस्त्रीला चा ठेवतो.
साखर कमी चालंल का इचारा."

मी त्या फटीशी तोंड नेलं.
सिमेंटचा वास. त्यांच्या शिकेकाईचा वास.
"चालंल," म्हटलं. दुसरं काही आलंच नाही तोंडात.

संध्याकाळपर्यंत पांढरी प्लॅस्टिकची नळी बसली,
सरळ, हलकी, कुणाच्या घरातही शोभेल अशी.
तांबं पावणेतीन किलो भरलं.
भंगारवाल्यानं हिरव्याचे पैसे कापले.
एक कोपरा मी दिला नाही,
खिडकीत ठेवलाय, कशासाठी माहीत नाही,
लिंबानं घासायला हात जातो आणि थांबतो.

अर्जाची पोच कपाटात आहे, कागदांच्या तळाशी.
तक्रारीचा नमुना छापील मिळतो, पाच रुपयाला.
मागं घ्यायचा असला तर
कसा लिहितात,
ते कुणाला विचारावं?